सरपंचाच्या टाकीत जलपर्णी

अहो,

वर्षश्राद्धाची मंडळी आत्ताच उठली. अंगणात पत्रावळ्यांचा ढीग तसाच पडलाय, मोठं पातेलं घासायचं राहिलंय, आपली रूपाली आत दमून आडवी झालीय. आणि मी तुमच्या माशांच्या टाकीसमोर स्टूल ओढून लिहायला बसलेय. आख्ख्या संसारात मी तुम्हाला एक चिठ्ठी लिहिली नाही. वेळच कुठं आली? हाक मारली की तुम्ही दुकानातून 'आलो आलो' म्हणायचात आणि तासाभरानं यायचात. पण आजचं सांगितल्याशिवाय मला घास गोड लागेना.

मी जिंकले! ऐकताय ना? जिंकले हो मी!

तुमचा सरपंच जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, चांगला माजलाय. आत्ता मी लिहितेय तर काचेपाशी येऊन कागदाकडं बघतोय, जणू याला दाखवूनच पत्र टाकायचंय. आणि त्याला वाचवला कुणी, ते ऐकलंत तर तुम्ही फोटोतून खाली उतराल. पण सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला मधलंच सांगितलेलं कधी आवडायचं नाही.

टाकी आणलीत तेव्हा मी किती भांडले होते! चार फुटांची काचेची पेटी, तीही हॉलमध्ये, माझ्या कपाटाच्या जागी. "पळसदेवला आख्खं धरण सोडून बारामतीत आलात, आता घरात कशाला पाणी?" म्हटलं. तर तुम्ही हसून म्हणालात, "अगं मंगल, धरणातलं मासं मला वळखत न्हाईत." आणि माझं कपाट हललंच.

तेव्हा सरपंच बोटाएवढा होता. ऑस्कर जातीचा, काळा, अंगावर नारिंगी डाग आणि कपाळावर कायम आठी. काही काम न करता मधोमध उभा राहून सगळ्यांवर डोळे वटारायचा, म्हणून तुम्ही त्याला सरपंच केलंत. सोबतीला दोन चंदेरी मासे आणलेत, ते पंचायतीचे मेंबर. संध्याकाळी दुकानातून आलात की हाताला वार्निशचा वास, मोटारी रिवाइंड करून बोटं काळी. साबणानं दोनदा हात घासायचे आणि चिमटीत सुका जवळा धरून टाकीवर न्यायचा. सरपंच उसळी मारून घ्यायचा, तुमचा शर्ट भिजायचा. मग काचेला नाक लावून त्याच्याशी बोलत बसायचात.

काय बोलायचात हो? छातीत दुखतंय हे त्याला तरी सांगितलं होतंत का? मला नाही सांगितलंत. मी चार पावलांवर भाकरी थापत होते. मला सांगायचं होतं ना! अहो, इंजेक्शनच्या सुईला भिणारा माणूस तुम्ही, पण दवाखान्यात हात धरून नेला असता मी. याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाणार पण नाही. तो तसाच ठेवून पुढचं सांगते.

तुमचा दहावा पळसदेवला धरणाच्या घाटावर केला. पोपटभावजींनी पिंड ठेवला आणि आम्ही सगळे बाजूला होऊन उभे राहिलो. बाभळीवर कावळे हे एवढे, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. भावजी म्हणाले, "दादा, रूपालीला अंतर देनार न्हाय." कावळा जागचा हलला नाही. "दादा, दुकान बंद पडू देनार न्हाय." नाही. तुमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, तर स्वतःच्या वाट्याच्या शेताचं, म्हातारपणाचं, कशाकशाचं वचन देऊन टाकलं. तरी नाही! भटजी घड्याळ बघायला लागले. माझ्या पायाला चटके बसत होते, पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, आणि मला एकदम तुमचा राग आला. मी पुढं होऊन म्हटलं, "अहो, तुमचे मासे सांभाळीन मी! या आता!"

आणि आला की हो! सरळ येऊन भातात चोच!

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आक्का डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बया, बायकू-लेक राहिली बाजूला, जीव आडकला मासोळीत!" रडता रडता हसले मी त्या दिवशी. पण शब्द गेला तो गेला. घाटावर दिलेला शब्द म्हणजे काय गंमत आहे?

आणि महिनाभरात एक मेंबर उलटा तरंगला.

मी तशीच उठले. माशांच्या दुकानात गेले. तो म्हणाला, काकू, पाणी बदलत जा. मी पाणी बदललं. आपल्या बोअरचं पाणी, बादलीनं काढायचं आणि पाइपनं भरायचं. तरी सरपंच मलूल. कपाळावर टाचणी टोचल्यासारखे खड्डे पडायला लागले, खाणं कमी झालं. मी अजून पाणी बदललं. आठवड्याचं दोन दिवसांवर आणलं. कंबर मोडून घेतली. दुसरा मेंबर गेला. मी आणखी बदललं! शेजारची म्हणायला लागली, मंगलताई, एवढी सेवा तर सासूची पण केली नसशील.

मग आक्का आल्या. पदर खोचून टाकीपुढं उभ्या राहिल्या. "हे बघ मंगल, वरीस व्हायच्या आत ह्योबी मेला तर लय वंगाळ. कुनाला तरी देऊन टाक. वचन दिलं तवा मासं जित्तं हुतं, ते जित्तं असताना दिलं म्हंजी झालं." मी म्हटलं, "आक्का, सांभाळीन म्हणलेय, देऊन टाकीन नाही म्हणले." त्या जाताना टाकीला हात जोडून गेल्या. मला ते चांगलं वाटलं नाही.

सरपंच एका कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा. मी चिमटीत जवळा धरायचे, तो वळून बघायचा आणि पाठ फिरवायचा. तुमचा हात नाही म्हणून रुसला होता की दुखत होतं, कोण सांगणार? मी काचेला नाक लावून म्हणायचे, बाबा रे, मला तोंडघशी पाडू नकोस. अहो, या घरात मला दुसरं कुणाशी बोलायला होतं तरी कोण? तो गेला असता तर संध्याकाळी मी कुणाकडं बघितलं असतं?

इंदापूरहून रूपाली आली तेव्हा तिच्या पिशवीत कागदाच्या पट्ट्या होत्या. जावईबापूंच्या शेडनेटमध्ये ढबू मिरचीला ठिबकमधून खत सोडतात ना, त्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते बघायच्या. म्हणजे खताचा अंश, असं समजा. ती म्हणाली, "मम्मी, मासा घाण करतो, त्या घाणीचं शेवटी नायट्रेटच होतं. बघू तरी." टाकीत पट्टी बुडवली; रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. गुलाबी नाही, पार जांभळट झाली.

"आता बदल पाणी," म्हणाली. मी बादली भरून आणली आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, टाकीत ओतायच्या आधी दुसरी पट्टी त्या बादलीत बुडवली.

ती पण तशीच!

मी मागचं दार उघडलं. घराच्या मागं ऊस, पलीकडं ऊस, त्यात पोत्यापोत्यानं युरिया आणि वरून पाटाचं पाणी. ते मुरून मुरून जाणार कुठं? आपल्या बोअरमध्ये! अहो, त्या बोअरचा केवढा तोरा होता तुम्हाला! मोटार स्वतः बांधली, स्वतः सोडली, आल्यागेल्याला तांब्या भरून द्यायचात, "पिऊन बघा, गंगा हाय गंगा." तुमच्या गंगेत खत होतं हो! मी घाण पाणी काढून घाण पाणीच ओतत होते आणि वर कंबर मोडून घेत होते. तो मासा मनात काय म्हणत असेल?

प्यायला आता आम्ही जार घेतो. पण चार फुटी टाकीला जारचं पाणी कुठवर पुरवणार? आणि माशाला तसलं पार गाळलेलं पाणी मानवतही नाही म्हणे. मी हातपाय गाळून बसले. वर्षश्राद्ध जवळ येत चाललं होतं.

त्यातच पळसदेवला जाणं झालं, भावजींच्या नातवाचं जावळ होतं. उन्हाळ्यानं पाणी पार खाली गेलेलं, धरणात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलेलं. आणि पाणी होतं तिथं हिरवं रान! जलपर्णी. काठापासून आत नजर पोचेल तिथवर. तुमची जन्माची वैरीण.

आठवतंय ना? ती पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी, फुटव्हॉलमध्ये अडकायची, पाणी चढायचं नाही, मोटार कोरडी फिरून जळायची आणि शेतकरी ती टेम्पोत घालून तुमच्या दारात आणायचा. जळकी तार उसवताना तुम्ही त्या झाडाला अशा शिव्या द्यायचात की मी खिडकी लावून घ्यायचे. मी म्हणायचे, अहो, तिच्याच जिवावर आपली चूल पेटतेय. की लगेच उसळायचात, "उपाशी ऱ्हाईन, पर ही बया माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाय आली पायजे!" एकदा रूपालीनं लहानपणी तिचं जांभळं फूल केसात माळलं होतं, तर तिच्याशी दिवसभर बोलला नाहीत.

तर त्या दिवशी भावजी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फुटव्हॉल मोकळा करत होते आणि तुमच्याच आवाजात ओरडत होते. "वैनी, हिचं काय करावं तेच कळंना! वरनं शहरांचं मैलापानी येतंय, हितलं रानातलं खत व्हाऊन येतंय, समदं ही खातीया अन् फुगतीया. उसाला युरिया आमी घालायचा अन् जेवायचं हिनं!"

मी जागच्या जागी उभी राहिले. "काय खाते म्हणालात भावजी?"

"युरिया! दुसरं काय?"

"मला द्या थोडी," म्हटलं.

भावजींना वाटलं, उन्हानं मला चक्कर आली. "वैनी, दादा असता तर पाय मोडला असता तुमचा." मी म्हटलं, "दादा असता तर मला इथं यायची वेळ आली नसती. द्या बादलीभर, आणि लहान लहान बघून द्या." जावळाच्या जेवणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सगळी दुनिया ती बाहेर फेकतेय आणि ही बाई बादली भरून बारामतीला न्यायला निघाली!

एकेक रोप धुतलं. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध अगदी पुसट कालवून त्यात बुचकळलं, गोगलगायी वेचल्या. थोडी टाकीत सोडली, उरलेली मागच्या हौदात टाकून ठेवली. आणि देवाला हात जोडले. तुम्हाला नाही जोडले, तुम्ही रागावला असतात.

चार दिवसांत टाकीतली पिवळी पडली, मग सडली. वास सुटला. पट्टी आणखी गडद! सरपंच तळाशी टेकून नुसता कल्ले हलवत होता. त्या दिवशी मी रडले हो, मोठ्यानं रडले. वाटलं, एवढी सगळीकडं माजणारी, कुणी न सांगता पसरणारी, आणि माझ्याच घरात हिला मरण यावं? माझा पायगुणच तसा का?

डोळे पुसून मेलेली रोपं हौदापाशी फेकायला गेले, तर हौदातल्या जलपर्णीचा नुसता थाट! पानं हिरवीगार, पिल्लांवर पिल्लं. पाणी तेच, बाई तीच. मग फरक कशाचा? वर बघितलं तर डोळ्यांत ऊन गेलं.

मग काय विचारता! मी तुमच्या दुकानात गेले, शब्द दिल्याप्रमाणं ते आता भावजी येऊन-जाऊन चालवतात; त्यांच्याकडून पत्र्याच्या शेडला लावायचा एलईडी फोकस मागून आणला. टाकीवरचं काचेचं झाकण काढलं, कारण त्याचं पाणी ठिबकून पानं कुजत होती. फिल्टरच्या धारेनं रोपं बुडत होती, तर रूपालीनं पाठवलेल्या ठिबकच्या नळीचं गोल कडं केलं आणि पाण्यावर तरंगत सोडलं. रोपं कड्याच्या आत, फिल्टरची धार बाहेर, आणि सरपंचाला वर यायला एक बाजू मोकळी. तार जोडली आणि टेप तुम्ही लावायचात तशीच लावली, दोनदा ओढून. बघितलं असतंत तर 'बरी हाय' म्हणाला असतात. तुमच्या तोंडून त्याहून जास्त कधी निघालंय?

आणि ती जगली! मुळ्या सुटल्या, लांब, काळ्याभोर, दाढीसारख्या. मी पट्टी बुडवायचे, सूनमुख बघावं तशी निरखून बघायचे. जांभळट होती ती गडद गुलाबी झाली, मग नुसती गुलाबी. हौदाचंही तंत्र बसवलं. बोअरचं पाणी आधी हौदात सोडायचं, तिथली जलपर्णी जेवून उठली की ते पाणी टाकीला. डासांसाठी हौदात गप्पी मासे सोडलेत. दर आठवड्याला टाकीतली मूठभर रोपं काढायची, नाहीतर ती दाटून बसते, वाढायची थांबते आणि कुजून खाल्लेलं परत ओकते. काढलेली उन्हात खडखडीत वाळवून नारळाच्या बुंध्याशी घालते. नारळ बघा एकदा तुमचा!

सरपंच मुळ्यांच्या सावलीत येऊन उभा राहायला लागला. मग खायला लागला. कपाळाचे खड्डे भरत आले. पण माझ्या हातून मात्र नाही! खाली टाकलेलं खायचा, हात दिसला की पाठ. म्हटलं, राहू दे बाबा, तुझं माझं नातं ते किती. तरी रोज चिमूट धरत होते.

आता आजचं ऐका.

सकाळी आक्का आल्या त्या आधी टाकीकडंच गेल्या. वरची जलपर्णी बघून दाराशी थबकल्या. "मंगल! ही? घरात? बाळूच्या वरीसश्राद्धाला?" मी स्वयंपाकाला लागले. भाजीत मीठ घालायच्या आधी चार वाटाणे बाजूला काढून ठेवले. भावजींनी विधी केला. कावळ्याचं पान ठेवलं, गाईचं दिलं, कुत्र्याचं दिलं. सगळे पंगतीला बसणार तेवढ्यात आक्काच म्हणाल्या, "आन् त्याचं पान कुठं हाय, सरपंचाचं? वचन त्येच्यासाठीच हुतं न्हवं?"

सगळं घर गोळा झालं. मी हात दोनदा धुतला, चिमटीत एक वाटाणा धरला आणि पाण्यावर नेला. सरपंच मुळ्यांतून बाहेर आला. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता पाठ फिरवलीस तर सगळ्यांच्या देखत माझी शोभा. तो हळूच वर आला आणि मग एकदम उसळी! वाटाणा घेतला, माझं बोट घेतलं, आणि शेपटीचा असा फटकारा दिला की आक्कांची नवी इरकल भिजून चिंब!

भावजींनी शिट्टी मारली. श्राद्धाच्या घरात शिट्टी! रूपाली हसतेय, रडतेय. मला तर काही दिसेचना. बोटाला त्याच्या तोंडाचा खरखरीत स्पर्श होता फक्त. तुम्हाला रोज लागायचा तो हाच का हो? म्हणून रोज शर्ट भिजवून घ्यायचात?

आक्का लुगडं झटकत बाहेर गेल्या. मला वाटलं, रागावल्या. तर हौदाकडून परत आल्या त्या हातात जांभळं फूल घेऊन. जलपर्णीचं, आज सकाळीच उमललेलं. सरळ तुमच्या फोटोपाशी गेल्या, टाच वर केली आणि हाराच्या वर, अगदी कपाळाशी, ते फूल खोवलं.

"बाळू," म्हणाल्या, "जल्मभर हिला शिव्या घातल्यास. हिनंच तुला दिल्याला सबूद राखला. घे आता डोक्यावर!"

आत्ता मी लिहितेय तर ते फूल तिथंच आहे. तुम्ही त्याच्याखालून हसताय, आणि मला तरी तुम्ही रागावलेले दिसत नाही.

आता माझं वचन ऐका, या वेळी घाटावरचं नाही, घरातलं. या जलपर्णीचं एक पानसुद्धा मी ओढ्यात, पाटात, कालव्यात जाऊ देणार नाही. तिच्यापायी कुणाची मोटार जळणार नाही, ही जबाबदारी माझी. आणि सरपंच आहे तोवर संध्याकाळी हात दोनदा धुऊन त्याच्यापाशी बसेन. छातीत जरा जरी दुखलं तरी आधी रूपालीला सांगेन, मग त्याला. तुमच्यासारखं उलटं करणार नाही.

आणि हो, पुन्हा काही राहिलं असलं तर त्या कावळ्याला कशाला उन्हात बसवता? थेट मलाच सांगा. मी इथंच चार पावलांवर आहे.

तुमची,
मंगल